दोन छपरांखाली

सरकारांनी छत्रीच्या मुठीने फायबरच्या छपरावर तीन ठोके दिले, कान लावून आवाज ऐकला आणि मान हलवली.

"भरीव आहे. हेच घालायचं."

छप्पर अजून कुठल्याही गाडीवर चढलेलं नव्हतं. कारखान्याच्या भिंतीला ते पालथ्या होडीसारखं टेकवून ठेवलं होतं. शेजारी पत्रा कापायचं यंत्र, रबराच्या पट्ट्यांची वेटोळी, चिकट डिंकाचे डबे. दारातून दिसत होती ती त्यांची स्वतःची व्हॅन, जुनी पण निगुतीने वापरलेली, डोक्यावरून अजून न कापलेली.

"मावशी, आधी दोन्ही तऱ्हेच्या छपरांखाली राहून बघा," छप्परवाला म्हणाला. "मग ठरवा."

"मी ठरवूनच घरातून निघाले. इथे फक्त सांगायला आले."

त्यांना घरात, दारात आणि गल्लीत सगळेच सरकार म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणाला आठवत नव्हतं. ज्याने पाडलं त्याची त्या दिवशी चांगली हजेरी घेतली गेली असणार, एवढं नक्की. पुढे ते नाव त्यांना आवडायला लागलं. आता कुणी चुकून खऱ्या नावाने हाक मारली तर त्या ओ देत नसत.

त्यांच्या मागे दोन पावलांवर मिस्त्री उभे होते, त्यांचा नवरा. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस. बोलणं कमी, बोटं लांब. दारातून आत येताना ते सवयीने वाकले होते. दार चांगलं ट्रक जाईल एवढं उंच होतं, त्यामुळे थोरली लेक हसली आणि मग एकदम गप्प झाली.

थोरलीच्या हातात कागद होता. त्यावर तिने आपल्या घराखालच्या गाडी लावायच्या जागेचं चित्र काढून आणलं होतं. "आई, तुळई सात फुटांवर आहे. उंच छप्पर घातलंस तर गाडी आत येणारच नाही. पॉप-टॉप, ते उघडमीट होणारं, घेतलंस तर छप्पर खाली बसवायचं की सरळ आत. तुम्ही आलात की माझ्या खिडकीखाली राहाल."

"आणि उंच घेतलं तर?"

"तर कोपऱ्यावर, रस्त्यात."

"मग रस्त्यात. रस्त्याचं मला काय वावडं? आठ वर्षं रस्त्यातच संसार केला. तू रस्त्यातच दात काढलेस." सरकारांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "आणि छप्पर म्हणजे काय भांड्यावरचं झाकण आहे, वाटलं तेव्हा उघडलं, वाटलं तेव्हा मिटलं? वर कापडाच्या भिंती. वारा सुटला की रात्रभर फडफड. मी आयुष्यभर कापड शिवलंय, मला कापडाचं कौतुक सांगू नकोस."

"पण आई, बाबांना आता—"

"बाबांसाठीच चाललंय हे सगळं."

ते खरं होतं, आणि थोरलीलाही ते लहानपणापासून तोंडपाठ होतं. मिस्त्री आणि सरकार तरुण होते तेव्हा त्यांच्याकडे एक बुटकी व्हॅन होती. तीत हत्यारांच्या पेट्या, सुट्या भागांचे डबे, तेलाच्या बुधल्या आणि मधे हात-दीड हात मोकळी जागा. गावोगाव जायचं, जिथे शिवणारी माणसं तिथे थांबायचं. मिस्त्री मशीन उघडत, शटल साफ करत, पट्टा बदलत. सरकार शेजारी बसून मशीनवर घालायच्या खोळी शिवत आणि गिऱ्हाईक बाईला चार शब्द सुनावत, की एवढं तेल घालतात का मशीनला, ते काय भजी तळायचंय? रात्री पेट्या सरकवून तिथेच अंथरूण. सरकार ठेंगण्या, त्यांना मान जराशी झुकवली की भागायचं. मिस्त्री सहा फूट एक इंच. ते त्या गाडीत कधीही उभे राहू शकले नाहीत. विजार बदलायची तर आडवं पडून, कात टाकणाऱ्या सापासारखी. पहिल्या महिन्यात छपराच्या आडव्या पट्टीवर त्यांचं कपाळ इतक्या वेळा आपटलं की सरकारांनी त्या पट्टीला कापूस भरून गादी शिवली. गादी शिवताना त्या म्हणाल्या होत्या, "एक दिवस असं छप्पर करून देईन तुम्हाला, की टाचा उंचावल्या तरी डोकं लागायचं नाही."

मिस्त्री तेव्हा हसले होते. सरकार हसल्या नव्हत्या. त्या बोललेलं विसरत नसत, स्वतःचं तर नाहीच. मधे मुली झाल्या, शाळा आल्या, गाडी विकली, एका जागी दुकान झालं, ते चाललं आणि ते मिटलं. आता पुन्हा गाडी आली होती. पुन्हा त्या गावांतून हिंडायचं होतं, यावेळी कुणाचं काही दुरुस्त न करता. दिलेला शब्द पुरा करायचा तर हीच वेळ होती. यानंतर वेळ नव्हती, हे दोघांच्या वयाकडे पाहून कुणीही सांगितलं असतं.

"आज तुम्ही सांगितलंत की उद्या सकाळी कापायला घेतो," छप्परवाला म्हणाला. "पॉप-टॉपला भोक वेगळं, उंच छपराला वेगळं. एकदा पत्रा कापला की मागे फिरणं नाही. म्हणून माझी एक पद्धत आहे. मागे अंगणात नमुन्याच्या दोन गाड्या उभ्या आहेत. प्रत्येकीत अर्धा तास राहायचं. अंथरूण घालायचं, चहा करायचा, कोट चढवायचा, काढायचा. त्याशिवाय मी कात्री हातात घेत नाही. एका बाईंनी नुसता रंग बघून छप्पर घेतलं होतं. आल्या सहा महिन्यांत रडत."

"मी रडणाऱ्यातली दिसते का तुम्हाला?"

"नाही मावशी. तुम्ही रडवणाऱ्यातल्या."

सरकारांना हे उत्तर पसंत पडलं. त्यांनी छत्री काखेत मारली आणि अंगणाकडे वळल्या.

उंच छपराची गाडी आधी. थोरली आणि छप्परवाला बाहेरच थांबले. दोघं राहणार तर दोघांनीच राहायचं, अशीही त्याची पद्धत होती. सरकार पायरीवरून आत चढल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. वर पाहिलं. छप्पर कुठल्या कुठे. पांढरं, गुळगुळीत, मधे एक खिडकी, तिच्यातून निळा तुकडा. शाळेच्या रिकाम्या वर्गात शिरावं तसं झालं त्यांना. त्यांनी हात वर केला, चवडे उंचावले, तरी छप्पर हाताला लागलं नाही.

"या," त्या म्हणाल्या. आवाजात मोठेपणा होता, घरात नवं कपाट आणल्यावर असतो तसा. "या, आत या. बघा."

मिस्त्री वाकून चढले. आत आले. फळीवरच्या कपांकडे पाहिलं, मग शेगडीकडे.

"अहो, आता उभे राहा."

"उभाच आहे."

"तसं नव्हे. सरळ उभे राहा. वर बघा, जागाच जागा आहे."

मिस्त्रींनी वर पाहिलं. म्हणजे डोळे वर केले. मान जिथे होती तिथेच राहिली. "उभाच आहे की गं," ते म्हणाले. गिऱ्हाइकाला मशीनचा खरा बिघाड सांगताना ते असाच आवाज खाली आणत.

सरकार बाकावर चढल्या. का चढल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एक तळवा मिस्त्रींच्या डोक्यावर ठेवला आणि तिथून वर छपरापर्यंत माप घेतलं, कापडाचं घेतात तसं. एक वीत. मग आणखी चार बोटं. ही गाडी आतून सहा फूट चार इंच होती. तीन बोटं उरायला हवी होती. त्यांनी पुन्हा मोजलं. मापात त्या कधी चुकत नसत, आणि आताही चुकल्या नव्हत्या.

मग त्यांना सदरे आठवले.

मिस्त्रींचे सदरे त्या स्वतः शिवत, एकाच मापाने, लग्नापासून. गेल्या काही वर्षांत सदरा पुढून लोंबायचा आणि मागून वर चढायचा. सरकारांनी कापडवाल्याला फैलावर घेतलं होतं की कापड आटतं, धाग्यात खोट आहे. दुसरा कापडवाला पाहिला. त्यालाही झाडलं. मग न सांगता पाठीत दोन बोटं कापड जास्त धरू लागल्या, पुढच्या वर्षी तीन. दर वेळी मनात कापडवाल्यांच्या सात पिढ्या काढल्या. कापड मात्र कधीच आटलं नव्हतं.

आणि घरातले दरवाजे. मिस्त्री प्रत्येक दारातून वाकून जातात यावर नातवंडं हसायची, सरकारही हसायच्या. दाराच्या अलीकडेही ते वाकलेलेच असतात का, हे कुणी पाहायला गेलं नव्हतं. दिवसभर ते बसलेले, मशीन पुढ्यात, डोकं त्यात. रात्री कुशीवर, गुडघे पोटाशी. त्या बुटक्या गाडीत तशीच सवय लागली होती.

सरकार बाकावर उभ्याच होत्या. तळवा अजून मिस्त्रींच्या डोक्यावर होता. केस मऊ झाले होते, बाळाच्या जावळासारखे.

"छप्पर छान आहे," मिस्त्री म्हणाले. "वर पंखा लावता येईल."

"हो."

"उतर खाली. पडशील."

त्या उतरल्या. मिस्त्रींनी शेगडी पेटवून पाणी ठेवलं आणि बाकावर बसले. बसले की ते पुन्हा पहिल्यासारखे दिसत, लांब पायांचे, लांब हातांचे. सरकार समोर बसल्या. सदऱ्याची मागची बाजू खाली ओढून द्यावी म्हणून त्यांचा हात पुढे झाला आणि मधेच थांबून फळीवरचा कप सरळ करून परत आला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"काही नाही."

पाणी गुणगुणायला लागलं. मिस्त्रींनी शेगडीची ज्योत थोडी बारीक केली, मग पुन्हा मोठी केली.

"चार वर्षं झाली असतील," ते म्हणाले. "पाच. दुखत नाही तसं. उलगडत नाही फक्त." त्यांनी फळीवरचे कप पुढे ओढले. "मला वाटलं तुला दिसतंय. उसवलेला टाका तुझ्या नजरेतून सुटत नाही. म्हटलं हेही दिसलंच असणार, बोलत नाही इतकंच."

सरकारांनी छत्री मांडीवर आडवी घेतली.

"दिसत होतंच," त्या म्हणाल्या. "त्यात बोलायचं काय?"

"तेच म्हटलं मी."

"मग या छपराचं एवढं चाललंय माझं, वर्षभर, तेव्हा तोंडाला काय कुलूप होतं तुमच्या?"

मिस्त्रींनी कपात चहा ओतला. "तू इतकी मन लावून मागे लागली होतीस," ते म्हणाले. "म्हटलं, असू दे. तुला उभं राहता येईल."

"मला? मी बुटक्या गाडीतही उभीच होते."

"ते आहेच."

दोघांनी चहा घेतला. चहात साखर नव्हती. छप्परवाल्याच्या नमुन्याच्या गाडीत साखर कुठून असणार? एरवी सरकारांनी यावर निदान दोन वाक्यं खर्ची घातली असती. त्यांनी कप रिकामा केला, पदराच्या टोकाने पुसला आणि फळीवर जागच्या जागी ठेवला. वरच्या खिडकीतला निळा तुकडा तेवढ्यात सरकून पांढरा झाला होता. ती खिडकी पाहायची तर मान मागे टाकावी लागत होती. मिस्त्रींनी आल्यापासून एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

"झाला की अर्धा तास," सरकार उठल्या.

बाहेर थोरली वाट पाहत होती. ती आईच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. "बघितलंस?" तिने हळू विचारलं. छपराबद्दल विचारावं तसं विचारलं तिने, पण डोळे छपराकडे नव्हते.

"मला कुणी काही दाखवायला नको," सरकार म्हणाल्या. "चला, ती दुसरी बघून घेऊ. हा माणूस पद्धत पद्धत करत बसेल नाहीतर."

दुसऱ्या गाडीचं छप्पर मिटलेलं होतं. बाहेरून ती नुसती साधी व्हॅन दिसत होती, डोक्यावर घट्ट टोपी घातल्यासारखी.

"याचं उचलायचं कसं ते आतूनच दाखवावं लागतं," छप्परवाला म्हणाला. "त्यामुळे इथे मीही येतो. ताई, तुम्हीही या. तुम्हालाच जास्त घाई आहे याची."

आत जेमतेम साडेचार फूट. छप्परवाला आधी शिरला, त्याच्यामागे थोरली. शिरताच तिचं डोकं चौकटीवर आपटलं. ती "आई गं" म्हणून मागे सरकली, तर कोपर फळीला लागलं, फळीवरचा डबा खाली आला, डबा धरायला छप्परवाला वळला आणि त्याचं डोकं छपरावर आपटलं.

"रोजची गाडी आहे ना तुमची?" सरकार दारातून म्हणाल्या.

"मी आत आलो की आधी छप्परच वर ढकलतो मावशी," तो टाळू चोळत म्हणाला. "अशी मिटलेली कोण वापरतं?"

तेवढ्यात मिस्त्री आत आले. कुठे हात धरला नाही, कुठे चाचपडले नाहीत. एक पाय आत, खांदा तिरका, दुसरा पाय, आणि ते दोघांच्या मधून अलगद पलीकडे गेले, शेगडीपाशी. जाताजाता खाली पडलेला डबा उचलून फळीवर ठेवला. हे सगळं इतकं सहज झालं की छप्परवाला बघतच राहिला.

"कमरेतून नाही वाकायचं," मिस्त्रींनी थोरलीला सांगितलं. "गुडघे सैल सोड. डोकं पुढे नको काढूस कासवासारखं. खांदा आधी, मग डोकं. हं. आता वळ."

थोरली वळली. तिचं डोकं कुठे लागलं नाही.

"बघ. आणि वस्तू घ्यायची तर बोटांनी आधी वाट शोधायची, डोळ्यांनी नंतर."

"हे तुम्हाला अजून येतं?"

"विसरायचं काय त्यात? तू अशाच गाडीत चालायला शिकलीस. आमच्या सगळ्यांत तू एकटीच ताठ चालायचीस तेव्हा. आमच्याकडे बघून हसायचीस. तुला वाटायचं मोठी माणसं अशीच असतात, वाकडी."

थोरली हसली. हसता हसता तिने मनगटाने डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "डोकं फार जोरात लागलं."

"लागलं असेल," मिस्त्री म्हणाले. "इथे एखादी गादी शिवून बसवली पाहिजे. तुझी आई बसवेल."

छप्परवाल्याने विचारलं, त्या जुन्या गाडीत पाणी कुठे ठेवायचात? मग मिस्त्री सांगू लागले. पाण्याची पेटी दाराच्या मागे, म्हणजे चढावर वजन मागे जात नाही. सुया तेलकट कापडात गुंडाळून. एकदा एका शिंपिणीने मशीनच्या दुरुस्तीच्या बदल्यात जिवंत बदक दिलं होतं आणि ते चार दिवस बॉबिनच्या डब्यांवर बसून होतं. छप्परवाला मोठ्याने हसला. त्याला आणखी विचारायचं होतं. त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि पाण्याच्या पेटीची जागा फळीवरच आखून घेतली. मिस्त्रींनी त्याच्या हातातून पेन्सिल घेऊन रेघ दोन बोटं डावीकडे सरकवली. इतकं सलग बोलताना सरकारांनी त्यांना दुकान मिटल्यापासून ऐकलं नव्हतं.

सरकार अजून दारातच होत्या. तिथून त्यांना आतलं सगळं दिसत होतं. छप्परवाला कमरेत मोडून उभा होता, मान एका बाजूला कलती. थोरली गुडघ्यांत वाकून, हात मांडीवर टेकून. मधे मिस्त्री. तिघांचीही डोकी एका रेषेत होती. तिघं एकमेकांशी बोलत होते ते सरळ तोंडाकडे पाहून. कुणालाही कुणाकडे वाकून पाहावं लागत नव्हतं.

त्या पायरी चढून आत आल्या.

"हं, तर मावशी," छप्परवाल्याला एकदम आपलं काम आठवलं. "बघा, हे दोन पट्टे सोडायचे, आणि या दांडीला धरून वर ढकलायचं. बाकीचं काम हे दोन दांडे करतात, जोर लागत नाही. वर गेलं की सव्वासहा फूट. मग कसं मोकळं वाटेल बघा." त्याने पट्ट्याला हात घातला.

"थांबा," सरकार म्हणाल्या.

"फार वेळ नाही लागत."

"लागत नसेल. असू दे खाली. यांचं बदकाचं सांगून संपलेलं नाही अजून."

छप्परवाल्याने हात मागे घेतला. सरकारांनी छत्री कोपऱ्यात उभी केली आणि गाडीभर नजर फिरवली, नव्या घरात फिरवतात तशी.

"हेच घालायचं."

"उंचवालं?" थोरलीने विचारलं.

"हे. हे म्हणते मी. जिच्यात उभी आहे तिचं."

"अगं, पण तूच तर म्हणालीस ना, झाकण—"

"म्हणाले. मग? तुझ्या दारात आमची गाडी रस्त्यावर उभी करून गल्लीला तमाशा दाखवू?" सरकारांनी छपराच्या कडेचं कापड दोन बोटांत धरून चुरलं. "कापड बरं आहे. शिवण गचाळ आहे. माझ्या गाडीला हे कापड मी शिवणार, तुमचा माणूस नको. आणि हे छप्पर उचलायचं कधी ते मी सांगेन. उगीच येता-जाता कुणी ढकलायचं नाही."

"तुमची गाडी, तुमचा हुकूम," छप्परवाला म्हणाला.

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं. सरकारांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या शिवण तपासत होत्या.

"मग?" त्या म्हणाल्या. "बदकाचं काय झालं पुढे? यांना सांगा ना."

"तुला माहीत आहे की."

"यांना माहीत नाही."

मिस्त्री सांगू लागले. चौथ्या दिवशी बदकाने अंडं घातलं, तेही नेमकं शटलच्या पेटीत. थोरली आणि छप्परवाला ऐकत वाकून उभे होते. त्यांच्याबरोबर सरकारही उभ्या होत्या. त्यांच्या उंचीला मान जराशी झुकवली असती तरी पुरलं असतं. पण त्या पाठीतून चांगल्या वाकल्या होत्या, जेवढे मिस्त्री वाकले होते तेवढ्या.